समोरचा दात

कुणीही हलत नव्हते. नवरा एक पाय अधांतरी धरून उभा होता. अप्पा, म्हणजे सासरे, डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा अशा अवस्थेत मेजावर वाकलेले, अर्ध्यात सोडलेल्या ओळीसारखे. आणि खोलीच्या मधोमध ती, तोंडावर तळवा दाबून. भिंतीवर टांगलेली दुरुस्तीची घड्याळे तेवढी आपापल्या मताप्रमाणे वेळ सांगत होती, आणि त्या टिकटिकीने शांतता अधिकच खोल, काहीशी अपराधी वाटत होती.

घड्याळे दुरुस्त करणाऱ्या त्या घराचा नियमच होता तसा. "पडलं!" असे कुणी ओरडले की ज्याने त्याने जागच्या जागी थिजायचे. तिळाएवढा स्क्रू पायाखाली गेला की गेलाच. काय पडले, हेसुद्धा विचारायचे नाही. विचारताना मान हलते.

या वेळी मात्र स्क्रू पडला नव्हता. संध्याकाळी तिची मुलाखत होती, मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी. तीन मुख्याध्यापक तिच्या डोळ्यांदेखत आले, गेले. आता कुठे त्या खुर्चीने तिच्याकडे मान वळवली होती. घशासाठीची गोळी समोरच्या दातांनी फोडत, येरझाऱ्या घालत ती उत्तरे घोकत होती. "शाळेत सर्वांत आधी हवी ती शिस्त!" हे वाक्य तिने इतक्या ठामपणे उच्चारले की समोरच्या दाताची कॅप ओठांतून सुटली आणि फरशीवर टणकन आपटून नाहीशी झाली. "पडलं!" ती सवयीने ओरडली, आणि मग ओरडल्याचा तिला पश्चात्ताप झाला.

खुणेने तिने नवऱ्याला जवळ बोलावले आणि कानात सांगितले.

"समोरचा? तो खोटा आहे?"

"हळू बोला! अप्पांना कळायला नको."

"मला तरी कुठे माहीत होतं? म्हणजे लग्नाआधीपासून..."

"अहो, काय भांडायचं ते दात बसल्यावर भांडू. आधी डॉक्टरांना फोन लावा."

दाताचे डॉक्टर पलीकडच्याच गल्लीत होते. "कॅप शाबूत असेल तर घेऊन या, लगेच बसवतो," ते म्हणाले. "घरी मात्र काही चिकटवू नका. आणि चटकन या, मला गावाला निघायचंय."

'चटकन' हा शब्द तिच्या नवऱ्याने आयुष्यात कधी मनावर घेतला नव्हता. त्याने खडू आणला आणि फरशीवर चौकोन आखायला घेतले.

"हे काय करताय?"

"पद्धत असते शोधायची. एकेक चौकोन संपवायचा."

"तोवर माझी मुलाखत संपेल!"

मग त्याने लोहचुंबक काढले.

"अहो, दात आहे तो! खिळा नाही!"

"सवय गं," तो ओशाळून म्हणाला आणि कपाटाखाली शिरला. थोड्याच वेळात तिथून आनंदाचा चीत्कार आला. ती कपाटापाशी वाकली.

"सापडली?"

"सेकंदकाटा! दोन वर्षं शोधत होतो याला! बघ, कसा जसाच्या तसा आहे!"

तिने त्या काट्याकडे पाहिलेही नाही. एवढ्याशा काट्यासाठी एवढा उमाळा, आणि बायकोच्या हसण्यातले खिंडार मात्र चौकोनाच्या हिशेबात. संसार म्हणजे एकमेकांच्या हरवलेल्या गोष्टी चुकीच्या ठिकाणी शोधणे, असे काहीतरी तिच्या मनात येऊन गेले. पण तेही म्हणायला दात हवा होता.

अप्पाही मघाशी गुडघ्यांवर येऊन मेजाखाली चाचपडले होते. काय शोधायचे, हे नियमाप्रमाणे त्यांनी विचारले नव्हते. आता ते पुन्हा आपल्या जागी बसून गुणगुणत होते.

"सूनबाई, सापडली गं!" अप्पांनी अखेर हाक मारली.

"कुठाय?" तळव्याआडून ती कशीबशी म्हणाली.

अप्पांनी अभिमानाने टेबलावरचे एक घड्याळ तिच्यापुढे सरकवले. त्याच्या काचेच्या दाराची चिनीमातीची मूठ तुटून नुसती खिळी उरली होती. मूठ मिळाल्याशिवाय घड्याळ नेणार नाही, असा मालकाचा, वकीलसाहेबांचा, हट्ट होता. त्या खिळीवर आता तिचा दात बसला होता. शुभ्र, चकचकीत, तिच्या तोंडात कधी दिसला नसेल इतका प्रसन्न.

"आतून पोकळ, बघ. खिळीवर अशी बसली, जशी तिच्यासाठीच घडवलेली!"

"अप्पा, काढा ती," नवरा कपाटाखालूनच म्हणाला. "ती दुसऱ्या घड्याळाची आहे."

"दुसऱ्याची असती तर इतकी चपखल बसली असती होय? मला शिकवतोस? आणि आता निघायची नाही. माझं चिकटवायचं मिश्रण लावलंय. सापडलेला भाग हातात ठेवला की पुन्हा पडतो, म्हणून लगेच बसवून टाकला."

नवऱ्याने बाहेर येऊन मूठ ओढून पाहिली. दार निघेल असे वाटले, मूठ ढिम्म.

"सोडा! मोडाल!" ती किंचाळली.

"मग काय करायचं? अप्पांना खरं सांगू?"

"काय खरं?" अप्पांनी भिंग वर केले.

तिने नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिले. मग तिने घड्याळ उचलून काखेत मारले, दुसरा तळवा तोंडावर ठेवला आणि चपला सरकवल्या.

"अगं, काच पुसायची राहिलीय!" अप्पा ओरडले.

दारात वकीलसाहेब उभे होते. घड्याळ पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"वा! झालं वाटतं?" वाकून त्यांनी मूठ बोटाने चाचपली. "काय काम आहे! अगदी अस्सल! वहिनी, कुठून मिळवली हो ही?"

तिने मान हलवली, होकार की नकार कुणास ठाऊक, आणि त्यांना वळसा घालून पायरी उतरली.

"अहो, पण माझं घड्याळ घेऊन तुम्ही निघालात कुठे? वहिनी! मी काय विचारतोय?"

उत्तर द्यायला तोंड उघडावे लागले असते. तिने तळवा आणखी घट्ट दाबला आणि दवाखान्याच्या दिशेने झपाझप चालू लागली.