सोबती सगळ्यांचं ऐकतो

प्रोग्रामर मंडळींनो, कोड लिहून देणारा आमचा एआय मदतनीस 'सोबती' तुमच्यासमोर आणण्याचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "निश्चिंत राहा सर! कीबोर्डला बोट लावणार नाही. मी बोलणार, सोबती लिहिणार!"

ऑफिसात गोंगाट फार, म्हणून हा ऑनलाइन सोहळा घरूनच करायचा ठरवला. घरात कशी शांतता! (असा आपला माझा समज.)

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. पलीकडे तुमच्यासारखे शेकडो प्रोग्रामर, शिवाय साहेब.

"सोबती, नाटकाची तिकिटं विकणारं ॲप बनव."

सोबतीनं भराभरा कोड ओतला. पडद्यावर निळंशार पान, त्यावर पांढरी अक्षरं! साहेब खूश, मी तर हवेतच!

इतक्यात बायको माझ्या शर्टाकडे बघत दारातून म्हणाली, "अहो, ते निळं काय घातलंय? पांढरं घाला ना!"

"निळं काढून पांढरं घातलं आहे," सोबती म्हणाला. पांढऱ्यावर पांढरी अक्षरं! पिठात मीठ सांडावं तसं अख्खं ॲप गायब!

"काय झालं हो?" साहेब.

"काही नाही सर! हे... सुटसुटीत डिझाइन!"

मी बायकोकडे बघून 'जा, जा' असे हातवारे केले. तिला वाटलं, टेबल आवरायला सांगतोय. तिनं माझ्या आईला पाठवलं!

"अगं बाई, किती हा पसारा!" आई कडाडली. "टाकून दे सगळं!"

"नक्की टाकून देऊ?" सोबतीनं विचारलं.

"हो रे बाबा! किती वेळा सांगायचं?"

पडदा कोरा करकरीत!

"गप्प बस ना जरा!" मी आईवर किंचाळलो.

"गप्प बसतो," सोबती म्हणाला, आणि बसलाच!

"सोबती, ऐक ना रे! राजा, ऐक!" मी गयावया करत होतो. तो ऐकत होता बिचारा, पण गप्प बसायला सांगितलं होतं ना! कीबोर्ड बडवला, तरी ढिम्म. तिकडे साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल!

आई लॅपटॉपपाशी वाकली. "काय रे, रुसलास? माझ्या पोराचं मनावर घेऊ नकोस, तो असाच आहे. बोल बघू! आणि टाकलंस ते सगळं होतं तसं परत आणून ठेव. निळंसुद्धा!"

"परत आणलं आहे," सोबती म्हणाला. ॲप हजर! पलीकडे टाळ्यांचा कडकडाट!

सोहळा संपताच साहेबांचा फोन. "शाब्बास!"

"थँक्यू सर, माझं कसलं—"

"तुमचं नाहीच! पुढच्या सोहळ्याला आई मोकळ्या आहेत का, विचारा."

मी खाली मान घालून विचारलं. आई म्हणाली, "येते म्हणावं. पण त्या दिवशी तू तेवढा बाहेर जा. मध्ये मध्ये फार बोलतोस!"