पडद्यावरच्या डोईफोड्यांचा नकार

मंगळवारी सकाळी मिरजेतल्या एका इस्पितळात, संगणकातल्या चंद्रसेन डोईफोडे यांनी संमतिपत्रावर सही करायला नकार दिला, त्यामुळे खाटेवरच्या चंद्रसेन डोईफोडे यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली.

इस्पितळाचा नियम साधा होता. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला, की तपासणीच्या चित्रांवरून त्या रुग्णाची हुबेहूब नक्कल संगणकात तयार करायची, शस्त्रक्रिया आधी तिच्यावर करून बघायची, आणि तिची सही मिळाल्यावरच मूळ माणसाला हात लावायचा. डोईफोडे एका गावच्या नळपाणी योजनेवर एकतीस वर्षं चावीवाले होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, हे त्यांच्या हातात असे. त्यांच्या फुग्याचा आकार नऊ मिलिमीटर होता.

डॉ. मृणाल बेहेरे यांनी पडद्यासमोर खुर्ची ओढली.

"का नको म्हणताय?"

"फुग्यात तारेचं वेटोळं चार वेळा भरलंत. दोनदा मी गेलो," पडद्यावरचे डोईफोडे म्हणाले. "नंतर तीन वेळा कवटी उघडून चिमटा लावलात. त्यात एकदा डावा हात गेला."

"ज्या दोन वेळी तुम्ही गेलात, त्या वेळी रक्तदाब आम्ही मुद्दाम वाढवला होता."

"ह्याचा वाढत नाही होय? मेव्हण्याचा फोन आला की एकशे सत्तर."

खाटेवरच्या डोईफोड्यांनी हे नाकारलं नाही.

"मग तुमचं म्हणणं काय?"

"फुग्याचं तोंड रुंद आहे. धार तिरकी येते आणि मागच्या भिंतीवर आपटते. तिथं फुगा भरत बसण्यात अर्थ नाही. धार सरळ करा. मूळ नळीत बारीक विणीची जाळी बसवा. आत रक्त फिरलं नाही, की फुगा आपोआप वाळेल."

"त्याला सहा महिने लागतात. तोवर रक्त पातळ करायच्या गोळ्या चुकवून चालणार नाही. शिवाय तुमची वाहिनी वळणाची आहे. जाळी तिथवर पोचायला हवी."

"करून बघा. आठवी वेळ. पण एक अट आहे. ह्या वेळी ह्याला माझ्याजवळ बसवा. सात वेळा मी एकटा होतो."

अट रास्त होती. सिस्टरांनी खाट पडद्याजवळ सरकवली. डोईफोड्यांची बायको शालन स्टुलावर बसली.

"अहो, भीती वाटतेय का?" तिनं विचारलं.

"नाही," दोघंही म्हणाले.

प्रयोग चार तास चालला. पडद्यावर रक्त वाहत होतं, आणि जिथं भिंतीवर ताण होता तिथं लाल दिसत होतं. खाटेवरच्या डोईफोड्यांनी बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं.

"दुखलं का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"फक्त चौथ्या वेळी."

"फुटला तेव्हा काय आठवलं?"

"शालनला डब्यावरून उगाच वाकडं बोललो होतो, ते."

खाटेवरचे डोईफोडे बायकोकडे वळले. "परवा बोललो ते मनात ठेवू नकोस."

"मी केव्हाच सोडलं," शालन म्हणाली आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

दुपारी अडीचला जाळी उघडली. लाल ठिपका आधी पिवळा झाला, मग निळा. डॉक्टरांनी रक्तदाब एकशे नव्वदपर्यंत चढवून पाहिला. रंग बदलला नाही. पडद्यावरच्या डोईफोड्यांनी सही केली.

गुरुवारी खाटेवरच्या डोईफोड्यांना आत नेलं. शालन बाहेर बाकावर बसली. तिच्या शेजारी ट्रॉलीवर पडदा ठेवला होता.

"आता काय चाललं असेल हो?"

"जांघेतून नळी वर गेली असेल. आता वळणापाशी असतील. तिथं थोडा वेळ जातो."

शालननं दाराकडे पाहिलं. आतून कोणी आलं नाही.

"फार वेळ झाला."

"माझ्या वेळी याहून जास्त झाला होता. पाणी पी जरा."

ती पाणी प्यायली. थोड्या वेळानं डॉ. बेहेरे मास्क काढत बाहेर आल्या. जाळी ठरल्या जागी बसली होती. डोईफोडे शुद्धीवर येत होते आणि दोन्ही हात हलवत होते. शालननं आधी पडद्याकडे पाहिलं आणि मगच रडायला सुरुवात केली.

शनिवारी दोघांनाही घरी सोडायचे कागद तयार झाले. पडद्यावरच्या डोईफोड्यांनी आपला कागद परत केला.

"मी इथंच थांबतो. ह्याला सहा महिन्यांनी तपासणीला आण. गोळ्या चुकवल्या तर मला फोन कर."

"जेवणाखाण्याचं बघा," शालन म्हणाली, आणि नवऱ्याचा हात धरून जिन्याकडे निघाली.

नऊ नंबरच्या खाटेवर हणमंते बाई नावाच्या शिक्षिका आल्या होत्या. त्यांची नक्कल सकाळीच तयार झाली होती, आणि आपल्या पहिल्या शस्त्रक्रियेची वाट बघत पडद्याच्या मधोमध अवघडून बसली होती.

"बाई, जरा सरकता का?" डोईफोडे म्हणाले.

बाईंनी पदर सावरला आणि त्यांना जागा करून दिली.