शेवंतीचा जबडा आणि ताब्याची तारीख

माणसाला बत्तीस दात अन्न चावण्यासाठी दिले आहेत, हा गैरसमज शाळेतूनच पसरवला जातो. दातांचं मुख्य काम म्हणजे उत्तर तोंडाबाहेर पडू न देणं. सुसंस्कृत समाज याच बंदोबस्तावर उभा आहे.

कल्याणच्या ‘संतोषनगरी’ गृहप्रकल्पाच्या कचेरीत शेवंती हे काम नऊ वर्षं चोख करत होती. तिच्यासमोर ‘ग्राहक समाधान कक्ष’ अशी पाटी होती. (कक्ष म्हणजे टेबलच.) घराचा ताबा कधी, असं कुणी विचारलं की हसायचं आणि म्हणायचं, “दिवाळीपर्यंत.” कोणती दिवाळी, हे सांगण्याचा अधिकार तिच्या पदाला नव्हता. ‘हसतमुख कर्मचारी’ पुरस्कार तिला सलग सहा वेळा मिळाला. दुसरं कुणी हसत नव्हतं.

डोकं तेवढं दुखायचं. महिन्याकाठी सरासरी बावीस दिवस कानशिलं ठणकायची. चष्मा बदलून झाला, उशी बदलून झाली, डोक्याचा स्कॅन झाला. (त्यात काही आढळलं नाही, कंपनीला समाधान वाटलं.) सासूबाईंनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसकासुद्धा आला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती.

शेवटी दाढ ठणकली म्हणून ती ठाकुर्लीला दातांच्या डॉक्टर रुचिताकडे गेली. रुचिताने दाढा पाहिल्या, मग गालावरून बोटं दाबत कानशिलापर्यंत नेली. शेवंती कळवळली.

“दाढा झिजून सपाट झाल्यात. दिवसभर दात आवळून बसता का हो?”

“छे! मी तर दिवसभर हसते.”

“तेच तर. जबड्याचा स्नायू पार कानशिलापर्यंत जातो. तो थकला की डोकं दुखतं. सगळ्यांचं यानेच दुखतं असं नाही, पण तुमचं दुखतंय.”

झोपताना दातांवर बसवायला तिने प्लास्टिकचं कव्हर दिलं आणि जागेपणी पाळायला एक नियम: ओठ मिटलेले, दात सुटे.

सोमवारी धाकूकाका आले. जवळच्या मोहने गावातल्या कारखान्यातून रिटायर झालेले. आयुष्याची पुंजी अकराव्या मजल्यावर ठेवून बसलेले. दर सोमवारी यायचे.

“बाय, चावी कधी?”

शेवंती हसली. दात सुटेच होते. अडवायला कुणी नसल्यामुळे उत्तर सरळ बाहेर आलं.

“काका, बिल्डिंग चौथ्या मजल्यावरच थांबलीय. दोन वर्षं तिथे वीट हललेली नाही.”

काका खुर्चीत टेकले.

“मोजायला गेलो की चारच भरायचे गं,” ते म्हणाले. “मला वाटलं, माझ्याच डोळ्यांत मोतीबिंदू.”

त्यांनी डोळे पुसले. शेवंतीने पाणी दिलं.

पुढच्या सोमवारी त्रेचाळीस माणसं आली. वैद्यकीय सल्ल्यानुसार तिने सर्वांना खरं सांगितलं. त्रेचाळीस जणांनी मिळून तक्रार केली, सुनावण्या झाल्या, आणि इमारत आजमितीस सातव्या मजल्यावर पोहोचली आहे. कंपनीने याचं श्रेय ग्राहकांच्या संयमाला दिलं.

‘जबडा कर्तव्यास अपुरा’ असा शेरा मारून शेवंतीला कमी करण्यात आलं. तिच्या जागी अक्षदा नावाची मुलगी घेतली. (मुलाखतीत तिने दातांनी अक्रोड फोडून दाखवला.) शेवंती आता डोंबिवलीत एका शाळेच्या कचेरीत आहे आणि पालकांना खरं सांगते. तिचं डोकं महिन्यातून तीनच दिवस दुखतं; मुख्याध्यापकांचं रोज.

वाचकांनी आत्ता, याच ओळीवर, आपले वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का, ते पाहावं. टेकले असतील तर सोडावेत. (सोडण्यापूर्वी शेजारी कोण बसलंय, तेवढं बघून घ्यावं.)