सासऱ्यांची बंद मूठ

ऑफिसात दोन दिवसांचं प्रथमोपचार शिबिर झालं आणि आमच्या जावईबापूंनी आवक-जावक विभागातून थेट वैद्यकशास्त्रात उडी घेतली. शर्टावरचा शिबिराचा हिरवा बिल्ला घरातही उतरेना. बायको नुसती शिंकली तरी तिची नाडी बघायचे. (नाडी सापडत नसे, पण चेहरा सापडल्यासारखा ठेवत.) दुखणं एकच, मुक्कामाला आलेले सासरे त्यांना हिंग लावून विचारत नव्हते.

"या वयात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत," सासरे ऐकवायचे. "तुमचा बिल्ला दुसऱ्या कुणाला दाखवा."

त्या दिवशी सासरे फिरून आले ते मुकाट्याने खुर्चीत बसले. जावईबापूंनी पाहिलं तर तोंडाची एक बाजू उतरलेली.

"बाबा, जरा हसा बघू."

अर्धंच तोंड हसलं. म्हातारा कितीही टाकून बोलला तरी जावईबापूंचा जीव होता त्याच्यावर.

"दोन्ही हात वर करा."

उजवा वर गेला. डावा काही खिशातून निघेना.

"काय होतंय तुम्हाला?"

"काऽई नाई ओ," सासरे बोबडे बोलले.

"अगं, पक्षाघात," जावईबापू बायकोला म्हणाले आणि फोन लावला. आवाज जराही कापला नाही. रडणाऱ्या बायकोला त्यांनी बसवलं, सासऱ्यांच्या हातातून तिने दिलेला पाण्याचा पेला काढून घेतला (अशा वेळी ठसका लागतो, बिल्लेवाल्यांना माहीत असतं) आणि दार सताड उघडून ठेवलं.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांच्या तोंडात बॅटरी मारली, मग खिशातला हात बाहेर काढायला लावला. मुठीत कागदाची पुडी, पुडीत दाढ.

"दाढ काढून आलात? मग तोंड भुलीच्या इंजेक्शनने उतरलंय."

"बाबा, बत्तीस ना?" लेकीने डोळे पुसत विचारलं. सासरे छताकडे बघू लागले.

"तुम्ही बोलावलंत ते योग्यच केलंत," बाई जावईबापूंना म्हणाल्या. "अशा खुणा दिसल्यावर थांबायचं नसतं." जावईबापूंची छाती फुगली. "आता यांच्या तोंडातला हा कापसाचा बोळा जरा धरा."

बोळा लालभडक होता. शिबिरातल्या बाहुल्याला रक्त नव्हतं.

जावईबापूंनी डोळे उघडले तेव्हा त्यांचे पाय सासऱ्यांनी उचलून धरले होते. पडताना डोकं टीपॉयवर आपटलेलं, त्यामुळे बाई ऐकेनात. स्ट्रेचर जिना उतरू लागलं तशी प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. मागून सासरे, हातात हिरवा बिल्ला घेऊन, अर्ध्या तोंडाने सगळ्यांना सांगत होते, "आमचे जावई. प्रथमोपचार करतात."