सीझनभर चहा बंद

आमच्या शेजारचे विरूपाक्षअण्णा आमच्या घरचा चहा पीत नाहीत, कारण माझी मुलगी फुटबॉलमध्ये उजव्या विंगला खेळते.

हा विनोद नाही. निदान अण्णांच्या बाजूने तरी नाही. आमच्या मुरुममध्ये थंडीच्या दिवसांत दर रविवारी लहान मुलामुलींचे फुटबॉलचे सामने होतात. आसपासच्या गावांच्या टीम जीपमधून, टमटममधून कोंबून येतात. गावातल्या चार हौशी लोकांनी हे चालवलंय. मैदान आखायला माणसं मिळतात, पाणी वाटायला मिळतात, भाषण करायला तर मिळतातच. रेफरी व्हायला मात्र कोणी मिळत नव्हतं. रविवारी ज्याच्या शिव्या खायच्या, सोमवारी त्याच्याच दुकानातून साखर आणायची, हे कोणाला झेपणार?

अण्णांनी यावर उपाय काढला. त्यांनी साखर आणणंच बंद केलं.

त्यांचं पूर्वी पेठेत कापडाचं दुकान होतं. तरुणपणी गुलबर्ग्याला शिकत असताना ते फुटबॉल खेळायचे, असं ते सांगतात. पाहिलेलं कोणी नाही. पुढे त्यांच्या पत्नी, शांताक्का गेल्या. मूलबाळ नव्हतं. दुकान पुतण्याने हाती घेतलं आणि अण्णांना गल्ल्यावरून हळूच उठवून बाकड्यावर बसवलं. त्याच हिवाळ्यात मैदानावर कोणीतरी गमतीने शिट्टी त्यांच्या हातात दिली. ती अण्णांनी आजतागायत परत केलेली नाही.

मैदानावरचे अण्णा बघण्यासारखे असतात. काळ्या कापडाची, गुडघ्याखाली उतरणारी चड्डी. तिला इस्त्रीची अशी धार, की तिने सुपारी कातरावी. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे. पहिल्या हाफमध्ये त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. दुसऱ्या हाफमध्ये घाम येतो, भस्म ओघळून डोळ्यांत जातं आणि अण्णा डोळे चोळायला लागतात. पोरं याचीच वाट बघत असतात. "भस्म उतरलं रे!" अशी आरोळी उठली की समजावं, आता शर्ट ओढले जाणार.

निकाल दिला की अण्णांचं ठरलेलं वाक्य, "फैसला झाला, साकु!" साकु म्हणजे कानडीत पुरे. एरवी ते आमच्यासारखंच बोलतात, पण शेवटचा शब्द नेहमी कानडी. तो ऐकल्यावर वाद घालायची सोय उरत नाही.

एकदा सामना चालू असताना एक म्हैस मैदानात आली आणि थेट गोलसमोर उभी राहिली. तेवढ्यात कोणीतरी बॉल मारला. तो तिच्या पोटावर आपटला आणि गोलमध्ये गेला. झालं! ज्यांचा गोल झाला ते नाचायला लागले, ज्यांच्यावर झाला ते अण्णांना धरायला लागले. म्हशीचा मालक तिथंच होता. तो म्हणाला, "अण्णा, म्हस मुरुमची हाय. गोल मुरुमचा धरा."

अण्णांनी म्हशीकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "म्हस कुठल्याच टीमची न्हाय. तिचं नाव कुणी दिलंय का? गोल न्हाय. फैसला झाला, साकु!"

कुठल्याच टीमचं नसणं हा अण्णांचा धर्मच होऊन बसला. ज्या घरचं मूल टीममध्ये आलं, ते घर त्यांना सीझनभर बंद. तिथं चहा नाही, पाणी नाही, ओट्यावर टेकणंही नाही. त्यांच्या न्हाव्याचा मुलगा गोलकीपर झाला, तेव्हा अण्णा बसने उमरग्याला जाऊन केस कापून यायला लागले. मग उमरग्याचीही टीम आली आणि त्या न्हाव्याची भाची तिच्यात निघाली. त्या वर्षी अण्णांनी कापडाच्या कात्रीने स्वतःच केस कापले. ते कसे दिसत होते, ते मी सांगणार नाही. दूधवाल्याचा नातू खेळायला लागल्यावर ते कोरा चहा प्यायला लागले. लग्नाला जायचे, पण मांडवाबाहेर रस्त्यावर उभे राहून तिथूनच अक्षता टाकायचे आणि न जेवता परत यायचे. अक्षता नवरानवरीपर्यंत पोचत नसत. मांडवाच्या दारात चपला सांभाळत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर पडत.

आमचं घर शेवटपर्यंत उघडं होतं. मी शाळेत शिक्षिका, माझे यजमान नोकरीनिमित्त आठवडाभर बाहेरगावी. अण्णांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. शांताक्का गेल्यापासून ते रोज संध्याकाळी यायचे, ओसरीवर बसायचे, बशीत ओतून चहा प्यायचे. खण, धोतर, मांजरपाट यांवर तास तास बोलायचे. मला त्यातलं फारसं कळायचं नाही, पण भाजी निवडता निवडता मी ऐकायची.

मग माझी मयूरी टीममध्ये गेली.

त्या संध्याकाळी अण्णा वेळेवर आले, पण पायरी चढले नाहीत. चपलाही काढल्या नाहीत.

"बाई, पोरगी टीमात गेली म्हणं."

"हो अण्णा. या ना, चहा टाकलाय."

"मग आजपासनं चहा बंद."

"अहो, चहाचा काय संबंध?"

"संबंध हाय, म्हणून तर बंद," अण्णा म्हणाले. वळले आणि शेजारच्या दारात शिरले. चहा उतू गेला तो मला नंतर दिसला.

त्या सीझनला भिंतीपलीकडून फक्त आवाज यायचे. सकाळी घंटा, दुपारी रेडिओ, संध्याकाळी भांड्याचा एखादा आवाज. एका माणसाच्या घरात किती कमी आवाज असतात! मैदानावर मात्र ते मयूरीला अनोळखी माणसासारखं म्हणायचे, "एऽ सात नंबर! थ्रो नीट टाक!" मयूरी हसायची. तिला ती गंमत वाटायची.

फायनल मुरुम आणि ईट अशी झाली. लांबच्या ईट गावची मंडळी दोन जीपा भरून, पहाटेच निघून आली होती. आमचं सगळं गाव मैदानाच्या कडेला. सामना अगदी बरोबरीत चाललेला आणि शेवटची काही मिनिटं उरलेली. डावीकडून बॉल उडत आला, मयूरीने छातीवर घेतला, तो खाली घरंगळला आणि तिने असा मारला की गोलकीपर जागचा हलला नाही. मी शाळेत शिकवते, जपून वागायची सवय आहे, पण त्या क्षणी मी कोणाच्या तरी खांद्यावर चढायची बाकी होते.

शिट्टी वाजली. अण्णांनी आपल्या मनगटावर दुसऱ्या हाताने थाप मारून दाखवलं. हाताला लागला. गोल नाही.

मग जे झालं ते फार सांगत नाही. लगेच ईटची एक चढाई आली, त्यांचा गोल झाला आणि आम्ही हरलो. अण्णांनी शेवटची शिट्टी वाजवली, तेव्हा त्यांच्याभोवती माणसांचं कडं झालं होतं. "अण्णा, तुमी हाव तरी कुठल्या गावचे?" एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, "लेकरंबाळं असती तर कळलं असतं!" अण्णांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता साकु म्हणतील. पण त्यांनी शिट्टी खिशात घातली. कडं फोडून त्यांनी वाट काढली आणि त्या कडक इस्त्रीच्या चड्डीत एकटेच रस्त्याने घराकडे चालत गेले.

मयूरी रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना ती आरशात बघत म्हणाली, "आई, लागला होता गं. हाताला."

"मग तिथं का नाही बोललीस?"

"सगळे एवढे ओरडत होते."

सीझन संपला होता. अण्णांच्याच नियमाने आता सगळी घरं मोकळी. दर वर्षी फायनलच्या दुसऱ्या दिवशी ते नवं धोतर नेसून गावात फेरी मारायचे, न्हाव्याकडे बसायचे, दूध लावायचे. या वेळी ते बाहेरच पडले नाहीत. त्यांनाही कोणी हाक मारली नाही. मी संध्याकाळी आधण ठेवताना एक कप जास्तीचं ठेवायची आणि वाट बघायची. आठवडा असाच गेला. शेवटी मीच त्यांच्याकडे गेले.

अण्णा पुढच्या खोलीत जमिनीवर बसून जेवणाची भांडी पुसत होते. मला बघून गडबडले, चटई शोधायला लागले.

"अण्णा, सीझन संपला. आता तरी या."

"येतो की."

"सगळं गाव रागावलंय म्हणून घरात बसलाय का?"

"छे, छे. गावाचं काय, दोन महिन्यांत इसरतंय." ते ताट पुसत राहिले. आधीच कोरडं होतं ते. मग खाली बघतच म्हणाले, "बाई, एक सांगू का? सीझन असला की लई बरं असतं. घरी कोण येत न्हाय, आपण कुणाकडं जात न्हाय, त्याला नियम असतो. आपणच केलेला. सीझन संपला की नियम संपतो. मग कोण आलं न्हाय तर... कारण काय म्हणायचं?"

मी कोपऱ्यातली चटई ओढून तिच्यावर बसले. बाहेर उजेड कमी होत होता आणि दोघांपैकी कोणीच दिवा लावायला उठलं नाही.

तेवढ्यात मयूरी मला शोधत आली. फायनलपासून ती अण्णांशी बोलली नव्हती. दारात घुटमळली. मग एकदम, मैदानावर रेफरीला म्हणतात तसं म्हणाली, "सर, हाताला लागला होता."

"ठावं हाय," अण्णा म्हणाले. "पर गोल लई चांगला मारलास."

ती आत आली. दिवा लावला. अण्णांसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "सर, मला ऑफसाइड नीट कळत नाही. सांगता?"

अण्णांचा चेहरा पालटला. त्यांनी पुसलेल्या वाट्या फरशीवर मांडल्या. ह्या आपल्या, ह्या त्यांच्या, ही उलटी वाटी गोलकीपर. लिंबाचा बॉल केला. वाट्या सरकवत, कानडी-मराठी मिसळत ते रंगून सांगायला लागले. "म्हंजे पास निघताना ही वाटी ह्या वाटीच्या पुढं नको. कळलं?"

ऑफसाइड मयूरीला व्यवस्थित कळतो. मला तिनेच शिकवलाय, स्वयंपाकघरात, माझ्या पोळ्या करपेपर्यंत.

तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि मान हलवली.

"नाही कळलं सर. परत एकदा पहिल्यापासून सांगा."

अण्णांनी सगळ्या वाट्या गोळा केल्या आणि पुन्हा मांडायला घेतल्या.