आग्नेल अंकल मशीन उठवतात

आग्नेल अंकलनी आमच्या घरात पाऊल टाकलं आणि पहिला हुकूम सोडला तो पंखा बंद करण्याचा. दुसरा, कुकरखालचा गॅस बंद करण्याचा. तिसरा माझ्यासाठी होता. "बाय, तू पन जरा गप ऱ्हा."

मग पिशवीतून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर निघाला. त्याचं टोक त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. साठी उलटलेला, उन्हानं रापलेला, शर्टाचं वरचं बटण गळ्याशी लावलेला हा माणूस माझ्या टेबलाशी वाकून काहीतरी ऐकत होता. मी श्वास धरून उभी.

"श्वास घेतंय," ते म्हणाले. "पन उठायचं मन न्हाय त्याचं."

मी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासते. लालबागची चाळ सोडून मीरा रोडच्या शांती नगरात आल्यापासून हेच करतेय. माझं सगळं काम त्या कॉम्प्युटरवर, आणि तो तीन दिवस उठत नव्हता. बटण दाबलं की कंपनीचं नाव यायचं, त्याखाली ठिपक्यांचं चक्र फिरायला लागायचं, आणि मग ते फिरतच राहायचं. मी आंघोळ करून यायची, पोळ्या करून यायची, चक्र आपलं चालूच. सेक्टरमधल्या दुकानदारानं दुरूनच निकाल दिला, "मॅडम, पुराना हो गया, नया ले लो." शेवटी शेजारच्या जिग्नाबेननी नंबर दिला. "पालीसे एक अंकल आते हैं ने. थोडे क्रॅक हैं, पण हाथ बहोत अच्छा."

पाली म्हणजे उत्तनच्या पुढचं, समुद्राकाठचं गाव. तिथून हे गृहस्थ स्कूटरवर एवढं लांब आले होते, आणि खाली वॉचमननं अडवल्यावर त्याला सांगून आले होते, "पेशंट ऊपर है, उसको नीचे बुलाऊँ क्या?"

ऐकून झाल्यावर त्यांनी मला उपचार समजावले. "घरात भांडान झालं तर काय करायचं? सगल्यांना भायेर काढायचं. मग एकेकाला आत घ्यायचं. कोन आला की भांडान होतं ते कलतं." त्यांनी प्रिंटर काढला, स्पीकर काढले, आणि मागच्या बाजूनं बोटभर लांबीचा एक पेनड्राइव्ह ओढून माझ्यासमोर धरला. तो तिथे कधीपासून होता, मला आठवतही नव्हतं.

"हा पाव्हना. सकाली मशीन उठतं, ह्याला बघतं, आनी इचार करतं, आपल्यातनं उठू की ह्याच्यातनं उठू? इचारातच बसून ऱ्हातं."

बटण दाबलं. चक्र दोनदा फिरलं आणि पडदा उजळला. मी टाळीच वाजवली. अंकलनी पडद्याकडे पाहिलंही नाही. पिशवी आवरत म्हणाले, "चालू झालं. पुढं तुमचं राज्य."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. चालू झालेल्या कॉम्प्युटरमध्ये त्यांना काडीचा रस नव्हता. इंटरनेट काय असतं, लोक आत काय लिहितात, काय बघतात, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. तीस वर्षं त्यांनी मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त केली होती. इंजिन सुरू झालं की बोट निघून जाते आणि मेकॅनिक काठावर राहतो, तसंच हे. जिग्नाबेनचे यजमान मशीन अडकलं की दर मिनिटाला बटण दाबायचे, तेव्हा त्यांच्यावर ते असे ओरडले होते की बिचारे आजही कॉम्प्युटर लावून दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. "अरे, नींदसे उठते आदमीको धक्का मारते हैं क्या?"

पुढे ते अधूनमधून न बोलावताच येऊ लागले. बेल वाजायची, दारात अंकल. "इकडं आलेलो. मशीन कसं हाय?" माझी किंवा घरातल्या कुणाची विचारपूस नाही. मशीन बरं आहे म्हटल्यावर "बरं हाय ना?" असं पुन्हा एकदा विचारायचे. मी चहा करायची. अंकल तो उभ्यानंच प्यायचे, पण इतक्या सावकाश, की माझी प्रुफाची दोन पानं व्हायची.

गेल्या वर्षी एका सकाळी ते पिशवीशिवाय आले आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

"बाय, तू मशीन खोलशील?"

"मी?"

"मी सांगीन तसं. फोनवर."

मग हळूहळू कळलं. धाकटा भाऊ पास्कू पालीतच राहतो, अंकलच्या घरापासून तीन दारं सोडून. दोघांकडे बापाची बोट होती. एकदा भर समुद्रात इंजिन बंद पडलं आणि दुसऱ्या बोटीनं दोर लावून ओढत आणावी लागली. काठावर सगळं गाव जमलेलं. सगळ्यांसमोर पास्कू म्हणाला, "ह्याला मशीनमधलं काय कलतं?" त्या दिवसापासून अकरा वर्षं दोघं बोललेले नाहीत. चर्चमध्ये एक डाव्या बाकावर, दुसरा उजव्या.

"आता त्याचं मशीन उठत न्हाय. भायंदरवरनं मानूस आनलेला. तो म्हनला, फेकून द्या." अंकल स्वतःच्या तळव्याकडे बघत होते. "त्याच्यात आमच्या आयची गानी हायत. लग्नाची. गावातल्या म्हाताऱ्यांकडं बसून त्यानं लिवून घेतलीत, एका बोटानं टायप करून. त्या म्हाताऱ्या पन गेल्या आता."

"मग तुम्हीच जा ना. तीन तर दारं."

"दार उघडायला तोच येल ना," अंकल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पालीत. पास्कूची सून शाळेत शिकवते, तिला मी आधी फोन केला होता. पास्कू अंकलसारखेच दिसणारे, फक्त केस जास्त आणि बोलणं कमी. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः समोर स्टूल घेऊन बसले. मी कानाला फोन लावून म्हटलं, "हां सर, बोला."

सर तीन घरं पलीकडे होते.

सर म्हणाले, आधी वायर काढ. सर म्हणाले, सगळ्यांना बाहेर काढ. काढलं, तरी चक्र फिरतच राहिलं. सर म्हणाले, बाजूचं झाकण खोल, आत पट्टीसारख्या दोन चिपा उभ्या हायत, त्या काढ. मी एक पट्टी काढली. तिच्या सोनेरी कडेवर हिरवट काळपट थर चढला होता.

"खारा वारा," फोनमधून आवाज आला. "रबर हाय का? पेन्सिल खोडायचा? घास. हलू. पोराच्या पाठीवर हात फिरवते तसा."

मी घासत राहिले. पास्कू माझ्या हाताकडे बघत नव्हते, फोनकडे बघत होते.

पट्ट्या पुन्हा बसवल्या. बटण दाबलं. चक्र फिरलं, थांबलं, आणि निळा पडदा आला. मधोमध एक फोल्डर: 'आय'.

"उठलं?" फोनमधून.

"उठलं सर."

पलीकडून 'पुढं तुमचं राज्य' नाही की फोन ठेवणं नाही. मी तशीच फोन धरून बसले. पास्कूंनी फोल्डर उघडला, गाण्यांची नावं वरपासून खालपर्यंत सावकाश बघितली. मग पडद्याकडेच बघत म्हणाले, "तुमच्या सायबाला इचारा, जेवला काय."

"सर, जेवलात का?"

फोनमधून उत्तर आलं, "हां म्हन."

"हो म्हणतायत."

"खोटं बोलतो," पास्कू म्हणाले. "कालपासनं त्याच्याकडं फोडनी न्हाय झाली. झाली की आमाला हितं वास येतो."

ते आत गेले आणि झाकलेलं ताट घेऊन आले. आत भात, बोंबलाचं कालवण, वर एक लिंबाची फोड. माझ्या हातात दिलं. "जाताना देऊन जा." कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तीन घरं पलीकडे अंकल खाटेच्या कडेला बसले होते, फोन अजून कानाला. ताट बघून त्यांनी तो खाली ठेवला. जेवायला बसले. शेवटचं शीतसुद्धा त्यांनी सोडलं नाही. ताट धुतलं, पुसलं आणि हातात धरून उभे राहिले.

"मी देऊन येऊ?" मी विचारलं.

"नको. रिकामं कसं द्यायचं?" त्यांनी एकदा घरभर नजर फिरवली. फळीवर स्क्रू, वायरी, जुन्या बॅटऱ्या. "बघतो मी."

त्यानंतर आठ दिवस अंकल आले नाहीत. मला वाटलं, झालं, तोंड गोड झालं असेल भावाभावांचं. मग एका दुपारी फोन आला.

"बाय, ताटात काय घालून देतात?"

"अंकल! ते ताट अजून तुमच्याकडेच आहे?"

"धुऊन ठेवलंय," ते घाईघाईनं म्हणाले. "रोज धुतो. पन काय घालायचं?"

"काहीही घाला. साखर घाला मूठभर. आमच्यात साखरच घालतात."

"साखर."

फोन त्यांनी कुठेतरी खाली ठेवला असावा. फळीवरच्या वस्तू सरकवल्याचा, मग एक घट्ट झाकण उघडल्याचा आवाज आला. मी वाट बघत राहिले.

"हाय," लांबून त्यांचा आवाज आला. "साखर हाय."