रंगाचे सहा हात

माझा अंदाज चुकत नाही. ही बढाई नाही, माझं कामच ते आहे. ऑफिसात बैठक असली की खुर्च्या किती, कागद किती, पाण्याच्या बाटल्या किती, हे मला विचारतात. मी डोळे मिटतो, छताकडे तोंड करतो आणि आकडा सांगतो. खुर्च्या कधी उरत नाहीत. उरल्याच तर माणसं कमी आली असं समजायचं.

त्यामुळे मागच्या खोलीला रंग द्यायचं ठरलं तेव्हा मी जाहीर करून टाकलं की रंगारी बोलवायचा नाही. किती रंग लागेल ते मी काढतो, आणि लावतोही मीच. बायकोने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यामुळे ती अशा वेळी बोलत नाही, नुसतं बघते.

खोली सासऱ्यांसाठी होती. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. बायको दर फोनला "इकडे या" म्हणायची आणि ते दर फोनला "बघू" म्हणायचे. अखेर "पंधरा दिवस येतो, मग बघू" इथपर्यंत गाडी आली होती. पंधरा दिवस संपले की ते बॅग उचलून चालू लागतील, याची बायकोने धास्ती घेतली होती. तिला ते कायमचे हवे होते.

"त्यांना परकं वाटता कामा नये," ती म्हणाली. "त्यांच्या घराला फिकट पिस्ता रंग आहे ना, तोच देऊ. जन्मापासून मी तिथे दुसरा रंग बघितलेला नाही. बाबांच्या फार आवडीचा आहे तो."

एवढं बोलून तिने डोळे टिपले. मलाही गलबलून आलं. मी लगेच टेप शोधायला उठलो, कारण गलबलून आलं की मला काहीतरी मोजावंसं वाटतं.

टेपचं एक टोक तिने धरलं, दुसरं मी. लांबी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळी आली. टेप ताणून धर, असं ती म्हणाली. मी ताणूनच धरला होता, सैल असली तर भिंत असेल. तेवढ्यात उघड्या दारातून हजर काका आत आले. हे आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ. कुणाकडेही काम निघालं की "मी हजर आहे" म्हणतात, आणि कामाच्या दिवशी ते सोडून सगळे हजर असतात. त्यांनी खोली न्याहाळली, रंग कधी लावणार ते विचारलं आणि आपण हजर असल्याचं सांगून निघून गेले. लांबी आम्ही सरासरीने ठरवली.

रंगाचा दुकानदार मोजकं बोलणारा निघाला. मी मापं सांगितली आणि रुमालात बांधून आणलेला रंगाचा पोपडा काढून दिला. बायकोने तो बाबांच्या घराच्या भिंतीवरून अलगद काढून आणला होता. दुकानदाराने तो उजेडात धरला, रंग मिसळायच्या मशीनची बरीच बटणं दाबली आणि मान वर न करता विचारलं, "किती हात?"

माणूस मला एकदम अनुभवी वाटला. कामाला हात किती आहेत, यावर रंग किती सांडणार हे ठरणारच. हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता. माझे दोन आणि बायकोचे दोन. मी म्हणालो, "चार."

आता त्याने मान वर केली. "चार कशाला? दोनात होतं की."

याला बायकोची दया आली असावी, असं मला वाटलं. दोनात दमछाक होईल, असं मी त्याला सांगितलं. मग मला हजर काका आठवले. प्रत्यक्ष येवोत न येवोत, अंदाजात माणूस धरून ठेवावा लागतो. "थांबा, सहाच धरा," मी म्हणालो.

"सहा हात?" तो म्हणाला. "भिंत आहे की होडी?"

मोजकं बोलणारी माणसं विनोद बरा करतात. मी मनापासून हसलो आणि म्हणालो, "घरचं काम आहे, हात राखून कशाला करायचं?"

त्याने मशीनखाली एक डबा लावला, मग दुसरा, मग आतून आणखी डबे आणले. मी खुर्चीवर बसून कौतुकाने बघत होतो.

संध्याकाळी टेम्पो आला. हमाल डबे वर आणून ठेवायचा आणि पुन्हा खाली जायचा. पहिल्या फेऱ्यांना बायकोने आमचं दार उघडं धरलं. नंतर तिला वाटलं की उरलेला माल काकांचा असावा, म्हणून तिने समोरचं दार दाखवलं. हमालाने घाम पुसत सांगितलं की सगळं इथलंच आहे. तिने माझ्याकडे बघितलं. मशीनने हिशोब केलाय, असं मी म्हणालो. मशीनवर ढकललं की माणसं सहसा वाद घालत नाहीत.

रविवारी कामाला लागलो. काकांची नेमकी कंबर धरली होती. पण आम्ही दोघांनी दुपारपर्यंत चारही भिंती रंगवून काढल्या आणि एक डबासुद्धा धड संपला नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. तिच्या नाकावर पिस्ता ठिपका होता आणि ती खूश दिसत होती.

"पहिला हात छान बसलाय," ती म्हणाली. "वाळला की दुसरा हात देऊ. झालं मग."

माझा ब्रश हवेतच थांबला. "पहिला काय?"

"हात. रंगाचा थर. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे की," मी म्हणालो. ब्रशमधला रंग माझ्या पायावर गळत होता, पण मी पाय हलवला नाही.

पॉलिश पेपर आणायचं निमित्त काढून मी दुकान गाठलं. दुकानदाराने शांतपणे सांगितलं की मिसळलेला रंग परत घेत नाहीत, आणि हा असला पिस्ता दुसरं कुणी नेणारही नाही. मी निघालो तेव्हा त्याने होडी कशी झाली, तेही विचारलं.

आता बायकोला सांगून टाकावं की नाही? ज्याला अख्खं ऑफिस अंदाज विचारतं, त्याने घरी येऊन मी काकांचे हात मोजले होते, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा रंग संपवणं सोपं होतं. खोलीत शिरताना एकदम रंग बदलला तर बाबा बुजतील, असं म्हणून मी पॅसेज रंगवला. बायकोचे डोळे पाणावले. मग पॅसेज आणि हॉल तुटक दिसायला लागले, म्हणून हॉल रंगवला. मग स्वयंपाकघर. डबे हलायला तयार नव्हते. मी गॅलरीचा कठडा रंगवला, चपलांचं कपाट रंगवलं, स्टूल रंगवलं. बायकोचे डोळे आता पाणावेनासे झाले होते. ती पुन्हा नुसतं बघायला लागली होती. फुकटचा रंग म्हटल्यावर काका मात्र कंबरेसकट हजर झाले आणि न्हाणीघरासाठी एक डबा घेऊन गेले. उरलेले मी मागच्या खोलीत पलंगाखाली ढकलले आणि चादर जमिनीपर्यंत सोडली.

सासरे आले ते एक लहानशी बॅग घेऊन. दारातच थांबले. त्यांनी हॉल बघितला, पॅसेज बघितला, वाकून चपलांचं कपाट बघितलं. मग भिंतीवरून हात फिरवत मागच्या खोलीत गेले आणि पलंगावर बसले. बॅग त्यांनी मांडीवरच ठेवली होती. बायको त्या बॅगेकडे बघत होती.

"सगळं घरच रंगवलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला परकं वाटू नये म्हणून," बायको म्हणाली. "तुमच्या आवडीचा रंग आहे ना."

"माझ्या आवडीचा?" ते म्हणाले. "छे गं. मला हा रंग कधीच आवडला नाही."

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. पंधरा दिवस तर सोडाच, हे संध्याकाळपर्यंत तरी टिकतात की नाही, अशी मला शंका आली. तिची एवढी आशा मी डबे भरभरून बुडवली होती. तेवढ्यात त्यांनी पाय मागे घेतला आणि पलंगाखाली डबा वाजला. त्यांनी चादर वर केली. बराच वेळ खाली वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, दुकानदाराला किती हात सांगितलेत?"

मी छताकडे बघितलं. तेही पिस्ता होतं. "सहा," मी म्हणालो.

"सहाच? आमच्या घराच्या वेळी मी दहा सांगितले होते. आम्ही पाच भाऊ ना."

मग ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एवढा रंग का आणला म्हणून सासूबाईंनी विचारलं, तेव्हा आवडीचा आहे असं त्यांनी ठोकून दिलं होतं. ते डबे संपले तरी त्या बिचाऱ्या त्यांच्या आवडीचा म्हणून पुन्हा तोच आणवायच्या, आणि खरं सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

"तिला कळलं असेल का गं?" त्यांनी विचारलं.

"आईला? पहिल्याच दिवशी कळलं असणार," बायको म्हणाली. "आम्हाला कळतं ते." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी स्टूल रंगवत होतो तेव्हाही तिला माहीत होतं तर!

सासऱ्यांनी मांडीवरची बॅग उचलून खाली ठेवली. पायाने आणखी एक डबा चाचपला, मग त्याच्या मागचा. "हे काही पंधरा दिवसांत संपायचं नाही," ते म्हणाले. "माझी ट्रंक मागवून घे. रंग संपेपर्यंत राहावं लागेल मला."

बायको डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. मी खाली वाकून डबे मोजले, डोळे मिटले आणि छताकडे तोंड केलं. वीस वर्षं आरामात पुरेल. आणि माझा अंदाज चुकत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.